'नोट केलंय!'

परवा आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. (जिना ही आमच्या ऑफिसातली एकमेव जागा, जिथे माणूस खरं बोलतो.) माझा आवाज ऐकूनच तिने ओळखलं. "काय रे, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, आमची एंगेजमेंट फार कमी आलीये." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग एकदम, "अरे, तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली! आता कुणाची एंगेजमेंट?"

आता तिला काय समजावणार? की बाई गं, कॉर्पोरेट जगात साखरपुडा माणसाचा कामाशी लावतात. आणि मग दरवर्षी एक फॉर्म पाठवून विचारतात, अंगठी अजून बोटात आहे ना?

तर झालं होतं असं. दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या कंपनीचा 'एम्प्लॉयी एंगेजमेंट सर्व्हे' झाला. 'इथे काम करताना तुम्हाला अभिमान वाटतो का?', 'तुमचं म्हणणं ऐकलं जातं का?' वगैरे वगैरे. एक ते पाच मार्क द्यायचे. नाव गुप्त. (ते गुप्त राहतं यावर कुणाचाच विश्वास नसतो, ही गोष्ट वेगळी.) निकाल लागला आणि आमची टीम आख्ख्या डिपार्टमेंटमध्ये शेवटून दुसरी! शेवटच्या टीमचा लीडर दोन महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला. म्हणजे जे कुणी हजर होते त्यांच्यात तळाला अस्मादिकच.

एचआरच्या मॅडमनी लगेच मीटिंग लावली. लाल-पिवळ्या रंगांचा तक्ता दाखवला. आमच्या ओळीत पिवळं शोधावं लागत होतं. "पंधरा दिवसांत अ‍ॅक्शन प्लॅन दे," त्या म्हणाल्या. "टीमसाठी काहीतरी छान कर. काहीतरी फन!"

मग मी तेच केलं जे अशा वेळी सगळे टीम लीडर करतात. फन फ्रायडे! संध्याकाळी चारला पिझ्झा मागवले, कॉन्फरन्स रूममध्ये फुगे लावले, अंताक्षरी ठेवली. मंडळी आली, हसली, प्लेटमध्ये दोन-दोन स्लाइस घेतले आणि "एक डिफेक्ट बघायचाय" म्हणत आपापल्या डेस्कवर परतली. अर्ध्या तासाने खोलीत उरलो मी, एचआरची इंटर्न आणि गार झालेला गार्लिक ब्रेड. वर एकाने दारातून डोकावून अगदी निरागसपणे विचारलं, "हा एक तास टाइमशीटमध्ये कशाखाली टाकू?"

त्या रात्री झोप लागेना, म्हणून ही 'एंगेजमेंट' नावाची भानगड मुळात आली कुठून ते शोधत बसलो. तर कामाच्या संदर्भात या शब्दावर नीट विचार केला तो विल्यम कान या अमेरिकन संशोधकाने. त्याचा पेपर आहे १९९०चा. त्याने दोन अगदी वेगळ्या ठिकाणची माणसं पाहिली. एक होतं मुलांचं उन्हाळी शिबिर आणि दुसरी एक आर्किटेक्ट लोकांची फर्म. त्याचं म्हणणं साधं आहे. माणूस कामावर येतो तेव्हा तो स्वतःला किती बरोबर आणतो आणि किती घरी ठेवून येतो, हा खरा मुद्दा. आणि हे ठरवताना तो मनातल्या मनात तीन प्रश्न विचारत असतो. यात जीव ओतण्यात काही अर्थ आहे का? ओतला तर अंगाशी येणार नाही ना? आणि ओतायला माझ्यात काही शिल्लक आहे का?

पुन्हा एकदा वाचा हे तीन प्रश्न. यातल्या एकाचंही उत्तर पिझ्झा नाही. (तिसऱ्याचं थोडंफार आहे म्हणा, पण ते तासाभरापुरतं.)

बरं, हे दुखणं काही आमच्या एकट्याचं नाही. गॅलप ही कंपनी दरवर्षी जगभरातल्या नोकरदारांची नाडी तपासते. त्यांच्या २०२५च्या अहवालानुसार २०२४ मध्ये कामात मनापासून गुंतलेली माणसं होती फक्त २१ टक्के. आदल्या वर्षी २३ होती. आणि गंमत म्हणजे जास्त घसरण कुणाची झाली? मॅनेजर लोकांची! ३० टक्क्यांवरून २७. शिवाय याच गॅलपचं आणखी एक म्हणणं आहे, की एका टीममध्ये आणि दुसऱ्या टीममध्ये एंगेजमेंटचा जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे असतो. आता असे सर्व्हे विकणं हा गॅलपचा धंदाच आहे, त्यामुळे आकडे थोडं हातचं राखूनच वाचावेत. तरी ते ७० टक्के माझ्या घशात अडकले ते अडकलेच.

२०२२ मध्ये सोशल मीडियावर 'क्वाएट क्विटिंग' हा शब्द गाजला. राजीनामा न देता मनाने नोकरी सोडून देणं. जगाला वाटलं काहीतरी नवीन सापडलं. आपल्याकडे याला पूर्वीपासून शब्द आहे, पाट्या टाकणं! पण पाट्या टाकणारा माणूस पहिल्या दिवसापासून पाट्या टाकत नव्हता, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. मीही विसरलो होतो.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. म्हणजे होती. तिला आम्ही 'आकाशवाणी' म्हणायचो, कारण कुणी विचारो न विचारो, तिचं प्रक्षेपण सुरू असायचं. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत असताना मागच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "हे चालणार नाही, लिहून घ्या." आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच चालायचं नाही. एखादा गंभीर डिफेक्ट सापडला की बाई कॉफीचा मग घेऊन थेट माझ्या डेस्कशी उभी. मी फोनवर असलो तरी हलायची नाही.

गेल्या वर्षभरात आकाशवाणी हळूहळू बंद पडली. मीटिंगला वेळेवर यायची, विचारलं तेवढं बोलायची, सहाला लॅपटॉप मिटायची. आता एक कबुली देतो. मला बरं वाटलं होतं! मीटिंगा वीस मिनिटांत संपायला लागल्या. तिच्या अप्रेझलमध्ये मी चक्क लिहिलं, 'टीम प्लेअर म्हणून लक्षणीय सुधारणा.' आज ती ओळ आठवली तरी कानशिलं गरम होतात.

फन फ्रायडेनंतरच्या आठवड्यात आमचा रिलीज गेला. क्लायंट अमेरिकेतला, दुकानांची बिलं करणारी सिस्टिम. रात्री दोनला माझा फोन वाजला. बिलावर डिस्काउंट एकाऐवजी दोनदा वजा होत होता. गिऱ्हाईकं खूश, क्लायंटचा पारा चढलेला. सगळं मागे घेईपर्यंत सकाळचे सहा वाजले. डोळे चोळत टेस्ट रिपोर्ट उघडला, तर सेहेचाळिसाव्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं, 'डिस्काउंट दोनदा वजा होतो. प्रायॉरिटी : मीडियम.' तीन दिवसांपूर्वीची तारीख. लिहिणारी अर्थातच आकाशवाणी. ती ओळ वाचून रिलीजला हिरवा झेंडा दाखवणं हे काम माझं होतं. मी रिपोर्टचं फक्त पहिलं पान वाचलं होतं.

दुपारी तिला हिंजवडी फेज टूच्या बाहेरच्या टपरीवर घेऊन गेलो. काकांनी दोन चहा दिले. मी म्हटलं, "अगं, एरवी तू माझ्या डोक्यावर येऊन बसली असतीस. या वेळी नुसतं शीटमध्ये लिहून गप्प का राहिलीस?"

"लिहिलं होतं ना."

"हो, पण बोलली नाहीस."

तिने ग्लास खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "बोलून काय होतं रे? दीड वर्षापूर्वी मी सांगितलं, टेस्ट सर्व्हर दर सोमवारी सकाळी बंद असतो, आम्हा तिघांचा अर्धा दिवस जातो. तू म्हणालास, नोट केलंय. मग विचारलं, रात्री दहाचा क्लायंट कॉल कायम आम्हा दोघींच्याच गळ्यात का, कॅब यायला साडेअकरा होतात. तू म्हणालास, नोट केलंय. तू सरळ 'नाही जमणार' म्हणाला असतास ना, तरी चाललं असतं. मी भांडले असते. पण 'नोट केलंय'शी माणूस भांडणार कसा?"

चहा संपला, पण घशाखाली काही उतरलं नाही.

घरी गेल्यावर कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या. गंमत बघा, मी खरंच नोट केलं होतं! 'टेस्ट सर्व्हर, सोमवार.' तारखेसकट. खाली दोन रेघा मारलेल्या. आणि त्याच्या खाली दुधाचा हिशेब.

मित्रहो, माणसं कामातून मन काढून घेतात ती कंटाळून, आळसाने किंवा 'आजकालची पिढीच तशी' म्हणून, असं आपण समजतो. बहुतेक वेळा गोष्ट इतकीच असते, की त्यांनी काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते सांगणं एखाद्या डायरीत मरून पडलेलं असतं. दोनदा-तीनदा असं झालं की शहाणा माणूस सांगणं बंद करतो. म्हणून दर वर्षी नवा सर्व्हे काढून जुन्या उत्तरांचं काहीच न करणं हे सर्व्हे न काढण्यापेक्षाही वाईट. आपलं म्हणणं वाऱ्यावर जातं, हे त्यातून माणसाला दरवर्षी नव्याने कळतं.

टोयोटाच्या कारखान्यातली ती प्रसिद्ध दोरी तुम्ही ऐकली असेल. असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं वाटलं की त्याने दोरी ओढायची. (आता बऱ्याच ठिकाणी दोरीऐवजी बटण असतं.) त्यातून सगळे धडा काय घेतात, तर साध्या कामगारालाही लाइन थांबवण्याचा अधिकार! पण त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. दोरी ओढल्यावर त्याचा टीम लीडर लगेच तिथे येतो, काय झालंय ते बघतो, तिथल्या तिथे सुटलं तर लाइन पुढे जाते, नाही तर थांबते. ओढल्यावर कुणी येणारच नसेल तर त्या दोरीवर माणसं फारतर टॉवेल वाळत घालतील. आमच्याकडे दोऱ्या भरपूर होत्या. सजेशन बॉक्स, ओपन डोअर पॉलिसी, सर्व्हे. येणारा माणूस तेवढा नव्हता.

आपल्याच देशातलं उदाहरण हवं असेल तर एचसीएल टेक्नॉलॉजीज. २००५ पासून विनीत नायर यांनी तिथे 'एम्प्लॉयीज फर्स्ट, कस्टमर्स सेकंड' म्हणत बरेच बदल केले, नंतर २०१०मध्ये त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी आयटीछाप आहे. कर्मचाऱ्याला एचआर, अ‍ॅडमिन, फायनान्स, कुणाहीबद्दल तक्रार असेल तर त्याने तिकीट उघडायचं. जसं आपण क्लायंटचं उघडतो तसं. आणि ते तिकीट बंद कोण करणार? मॅनेजर नाही. ज्याने उघडलं तोच! वाचून मी ताडकन उठून बसलो. कारण आमच्या टीममधली सगळी तिकिटं मी माझ्याच डोक्यात उघडून माझ्याच डोक्यात बंद करत आलो होतो.

पुढच्या सोमवारी पिझ्झा नाही, फुगे नाहीत. टीमला बोलावलं, घरून काम करणाऱ्यांना स्क्रीनवर घेतलं आणि डायरी उघडली. म्हटलं, "यात तुम्ही मला सांगितलेल्या सतरा गोष्टी आहेत. सगळ्या वाचून दाखवतो. सगळ्यात जुनी आधी." पहिल्या चार ओळींपर्यंत कुणी वर बघेना. पाचवीला कुणीतरी हसलं. दहावीला एकजण म्हणाला, "अरे, हे तर मीच विसरलो होतो!"

मग बोर्डवर तीन रकाने आखले. पहिला, 'करतो', आणि पुढे तारीख. दुसरा, 'होणार नाही', आणि पुढे कारण. तिसरा, 'माझ्या हातात नाही, वर विचारून शुक्रवारपर्यंत सांगतो'. 'नोट केलंय' या नावाचा रकाना नाही. आणि एक नियम. काम झालं की नाही हे मी ठरवणार नाही, ज्याने सांगितलं तो ठरवेल.

टेस्ट सर्व्हरचं कारण काय निघालं माहितीये? रविवारी रात्री एक बॅकअप चालायचा आणि डिस्क भरून टाकायचा. एका माणसाचं दीड दिवसाचं काम. दीड वर्षातले सोमवार मोजायची माझी हिंमत झाली नाही. क्लायंट कॉल सगळ्यांत पाळीपाळीने वाटला, पहिली पाळी माझी. रात्री पावणेबाराला कंपनीच्या गेटवर कॅबची वाट बघत डास मारत उभा राहिलो, तेव्हा ही तक्रार मला पहिल्यांदा 'समजली'.

'होणार नाही'च्या रकान्याची मला जास्त भीती वाटत होती. आठवडाभर वर्क फ्रॉम होम? नाही, कंपनीचं धोरण तीन दिवस ऑफिसचं आहे. सरसकट पगारवाढ? माझ्या हातात नाही, आणि 'बघू' म्हणून गाजर दाखवणार नाही. वाटलं होतं, आता गदारोळ होईल. एक जण फक्त पुटपुटला, "ठीक आहे, निदान कळलं तरी." इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ऐकून घेणं हा पगाराला पर्याय नाही. ज्याला घरभाडं परवडत नाही त्याला तुमच्या तीन रकान्यांचं कौतुक नसतं, आणि ते नसावंच. पण पगार देता येत नाही म्हणून सर्व्हरही दुरुस्त करायचा नाही, हे कुठलं लॉजिक?

तिसरा रकाना सर्वांत मजेशीर. आणखी एक टेस्टर हवा, म्हणून मी माझ्या बॉसकडे गेलो. सगळी बाजू मांडली. त्यांनी शांतपणे ऐकलं, वही उघडली आणि म्हणाले... ओळखलंत ना? "नोट केलंय!" त्या क्षणी मला आकाशवाणी आतून-बाहेरून कळली. मी तिथेच बसून राहिलो. म्हटलं, "सर, नाही म्हणालात तरी चालेल, पण शुक्रवारी मला टीमला उत्तर द्यायचंय." ते जरा चमकले. शुक्रवारी उत्तर आलं, 'या वर्षी नाही.' मी तेच बोर्डवर लिहिलं.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोन संशोधकांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांना रोजच्या कामाची डायरी लिहायला लावली होती. जवळजवळ बारा हजार नोंदी जमल्या. त्यातून निघालं काय, तर माणसाचा दिवस सगळ्यात छान जातो तो काम थोडं तरी पुढे सरकलं त्या दिवशी. सत्कार, बक्षीस यांच्याही आधी हे. मग त्यांनी ६६९ मॅनेजरना विचारलं, माणसाला उमेद कशाने येते? 'काम पुढे सरकल्याने' याला पहिला नंबर देणारे निघाले जेमतेम पाच टक्के. थोडक्यात काय, तर आम्ही बॉसलोक फुगे लावत असतो आणि लोक सोमवारी सर्व्हर चालू व्हायची वाट बघत असतात.

तुम्ही टीम लीडर नसाल तर म्हणाल, हे आम्हाला काय उपयोगाचं? तर एवढं करा. पुढच्या वेळी बॉस 'बघतो' म्हणाला की गोड आवाजात विचारा, "कधीपर्यंत कळेल?" तारीख मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. आणि तुम्ही नवे नवे लीडर झाला असाल तर आजच आपली जुनी वही उघडा. त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट या आठवड्यात करा, आणि जी होणार नाही ती तोंडाने सांगा.

आता शेवट गोड व्हायला हवा, नाही का? तीन आठवड्यांनी आकाशवाणीने राजीनामा दिला. दुसरीकडची ऑफर तिने टपरीवरच्या चहाच्या आधीच घेतली होती. मी हिरमुसून म्हटलं, "अगं, आता तर सगळं सुधारतंय!"

"सुधारतंय म्हणून तर खरी कारणं सांगून चाललेय," ती म्हणाली. "नाहीतर 'पर्सनल रीझन्स' लिहून गेले असते." मग जाता जाता मागे वळून, जुन्या आवाजात, "त्या नवीन पोराकडे लक्ष दे. तो अजून बोलतो."

परवाच्या मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत होते. अचानक मागच्या खुर्चीवरून त्या नवीन पोराचा घाबरा आवाज आला. "सर, एक बोलू का? हे चुकतंय, असं मला वाटतं." (सर म्हणू नकोस असं त्याला सहा महिने सांगतोय.) घड्याळात सहाला पाच कमी होत्या. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सवयीने माझा हात डायरीकडे गेला, जिभेवर 'नो...' आलंच होतं. गिळलं.

"कुठे?" मी म्हटलं. "इकडे ये, दाखव."